गोल्फ क्लबला योग्य शाफ्ट कसा बसवून घ्यावा: बेळगाव भागातल्या नव्या खेळाडूंसाठी

बेळगावात गोल्फ मैदान म्हटलं की बऱ्याच जणांना अजून २०२२ चा ऑगस्टच आठवतो. मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, शोध घ्यायला शिमोग्याकडच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले. तो गोंधळ निवला, खेळ पुन्हा सुरू झाला. आता कारखानदार, डॉक्टर, बँकेतली मंडळी, सुट्टीच्या दिवशी निपाणी-चिकोडीकडून येणारे असे नवे लोक गोल्फ स्टिक हातात घेऊ लागलेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा सेट मुळात दुसऱ्या कुणाचा तरी असतो. फौजेतून निवृत्त झालेल्या काकांचा, पुण्याच्या मेहुण्याचा, नाहीतर ऑनलाइन जुना घेतलेला.

हेड, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा खालचा भाग, कुठल्या कंपनीचं हे सगळ्यांना पाठ असतं. शाफ्टचं, म्हणजे दांड्याचं, विचारलं की उत्तर एका शब्दात येतं, "स्टिफ आहे." मी उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, लेथच्या आवाजात वाढलो, त्यामुळे दांडा दिसला की आधी माप घ्यायची सवय. त्या सवयीनं एक गोष्ट पक्की सांगतो. शाफ्ट निवडताना आधी लांबी बघायची, मग वजन, त्यानंतर फ्लेक्स, म्हणजे दांडा किती कडक किंवा लवचिक ते, आणि बाकीचं सगळं त्याच्याही नंतर. दुकानात आणि मैदानावर हा क्रम सर्रास उलटा लावतात, आणि नवख्याचे पैसे नेमके तिथंच जातात.

घाई कुठं करायची, कुठं नाही

दहा बॉलमधले चार-पाचच जेमतेम नीट लागत असतील तर नवा शाफ्ट विकत घेऊ नका. फिटिंग म्हणजे तुमच्या नेहमीच्या स्विंगला शोभेल असा शाफ्ट शोधणं. नेहमीचा स्विंगच अजून ठरला नसेल तर आज जुळलेला शाफ्ट सहा महिन्यांनी परका वाटेल. तोवर तो पैसा शिकण्यात घाला.

दोन गोष्टींना मात्र थांबायचं नाही: लांबी आणि ग्रिप. क्लब फार लांब असला तर माणूस ताठ उभा राहायला शिकतो, फार आखूड असला तर वाकून. ही सवय अंगात एकदा मुरली की काढताना कोचचाही घाम निघतो. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. वडिलांचा जुना आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ हेडचा क्लब, कापून मुलाच्या हातात देतात, ते करू नका. कापल्यावर शाफ्ट आखूड होतो पण हेड मोठ्या माणसाचंच राहतं, आणि उरलेला दांडा मुलाच्या ताकदीच्या मानानं काठीसारखा कडक होतो. मुलांसाठी हलक्या हेडचे वेगळे क्लब मिळतात. दोन-तीनच घ्या, पण तेच घ्या.

आधी हातात काय आहे ते लिहून काढा

वही काढा. ग्रिपच्या खाली शाफ्टवर एक पट्टी किंवा छपाई असते, ती वाचा. जुन्या सेटवर सर्वांत जास्त दिसणारं नाव म्हणजे ट्रू टेम्पर या शाफ्ट कंपनीचा डायनॅमिक गोल्ड, त्यातही 'एस ३००'. न कापलेल्या अवस्थेत हा स्टीलचा शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपास भरतो. निप्पॉनचा 'एनएस प्रो ९५० जीएच' दिसला तर तो ९५ ते १०० ग्रॅमच्या घरातला, म्हणजे बराच हलका. 'प्रोजेक्ट एक्स' असेल तर त्यावर अक्षराऐवजी आकडा असतो: ५.० म्हणजे साधारण रेग्युलर, ६.० म्हणजे स्टिफ, ६.५ म्हणजे त्याहून कडक. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब; त्याच्या ग्राफाइट, म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या, शाफ्टवर '५ आर' किंवा '६ एस' असं काही लिहिलेलं असेल, तर पहिला आकडा बहुधा वजनाचा गट सांगतो: ५ म्हणजे पन्नाशीतले ग्रॅम, ६ म्हणजे साठीतले.

पट्टी निघून गेली असेल तर घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा वापरा. सात नंबरचा आयर्न अख्खा त्यावर आडवा ठेवा. सव्वाचारशे ग्रॅमच्या वर गेला तर आत जड स्टील आहे असं धरून चाला. पावणेचारशे ते चारशेच्या मध्ये असेल तर बहुधा ग्राफाइट, किंवा अगदी हलकं स्टील.

पिंग कंपनीचा जुना सेट असेल तर हेडवरचा रंगीत ठिपका बघा. काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड लाय (हेड जमिनीवर बसण्याचा कोन), लाल असेल तर हेड थोडं सपाट बसतं, निळा असेल तर थोडं उभं. कुणीतरी स्वतःच्या मापानं बनवून घेतलेला सेट तुमच्याकडे आलाय, हे त्या एका ठिपक्यावरून कळतं.

आणि शाफ्टची तब्येत तपासा. स्टील असेल तर ग्रिपच्या तोंडाशी आणि हेडच्या वर गंजाचे फोड आहेत का? आपल्याकडचा पावसाळा बॅगेत ओल्या राहिलेल्या स्टीलला सोडत नाही. ग्राफाइट असेल तर नखानं हळू खरवडत खालपर्यंत या, कुठं चीर किंवा उसवलेला धागा लागतोय का बघा. हेडच्या वरची काळी प्लास्टिकची बांगडी, म्हणजे फेरुल, जागेवरून वर सरकली असेल तर आतला एपॉक्सी, म्हणजे शाफ्ट हेडला चिकटवणारा गोंद, सुटत आला असण्याची शक्यता आहे. असा क्लब फिरवू नका. हेड सुटलं तर समोरच्याच्या डोक्याचा प्रश्न आहे.

लांबी आणि लाय

हे माप घरी होतं, फक्त दुसरा माणूस लागतो. खेळायचे बूट घाला, फरशीवर ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी जिथं पडते तिथपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं घ्या. बहुतेक तक्त्यांत ३४ ते ३७ इंच म्हणजे स्टँडर्ड लांबी. त्याहून कमी भरलं तर पाव किंवा अर्धा इंच कमी, जास्त भरलं तर तेवढंच जास्त. नुसत्या उंचीवर जाऊ नका. साडेपाच फुटी माणसाचे हात लांब असले तर त्याला तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या माणसापेक्षा आखूड क्लब लागू शकतो.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. दुकानातला नवा ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांचा किंवा थोडा जास्तच असतो, कारण लांब क्लब मशीनवर लांब मारतो. पण टूरवरचे व्यावसायिक खेळाडू, ज्यांचा स्विंग ताशी ११३ मैलांच्या पुढं जातो, तेच बहुधा त्याहून आखूड वापरतात. तुम्ही एकदा ग्रिप इंचभर खाली धरून दहा बॉल मारा. ते जास्त वेळा फेसच्या, म्हणजे हेडच्या बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूच्या, मध्यावर लागले तर उत्तर मिळालं. नियमाचं म्हणाल तर पटर (बॉल होलकडे घरंगळवायचा क्लब) सोडून कुठल्याही क्लबची लांबी ४८ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, आणि २०२२ पासून स्पर्धेच्या आयोजकांना स्थानिक नियम करून ती ४६ इंचांवर आणता येते.

लांबी ठरल्यावर लाय, म्हणजे हेड जमिनीवर किती उभं किंवा सपाट बसतं ते. त्यासाठी बॉलवर व्हाइटबोर्डच्या मार्करनं जाड उभी रेघ ओढा, ती रेघ फेसकडे करून बॉल ठेवा आणि सात नंबरनं मारा. फेसवर रेघेचा ठसा उमटतो. ठसा सरळ उभा असेल तर लाय बरोबर. वरचं टोक टोच्या बाजूला, म्हणजे पुढच्या टोकाकडे, कललं असेल तर हेड फार उभं आहे आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे ओढला जातो. वरचं टोक हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला कललं असेल तर उलटं. खानापूरचा एक तरुण काकांचा सेट घेऊन आला होता. "लांब जातंय खरं, सरळ जाईना की ओ," असं म्हणत होता, प्रत्येक बॉल डावीकडे. आयर्न उलटा करून सोल, म्हणजे हेडचा तळ, बघितला तर हीलकडचा भाग घासून चकचकीत, टोची बाजू जशीच्या तशी, मूळचा मॅट रंग शाबूत. काका सहा फुटी होते. शाफ्टला त्यात काही दोष नव्हता. लांबी आणि लाय दोन्ही काकांच्या मापाची होती.

वजन: इथं सर्वांत जास्त वेळ द्या

माझ्या मते नवख्याच्या हातात चुकीचा शाफ्ट असतो तो बहुतेक वेळा वजनानं चुकलेला असतो, फ्लेक्सनं नाही. वजन तुम्हाला प्रत्येक स्विंगला जाणवतं आणि स्विंगचा ताल त्यावर बसतो. जड शाफ्टनं पहिली सहा होल छान वाटतात. पुढं दमायला होतं, क्लब मागं राहतो, बॉलच्या आधी माती उडते, बॉल उजवीकडे आणि आखूड जातो. फार हलका शाफ्ट असला तर हातच पुढं पळतात, एक बॉल डावीकडे तर दुसरा टोवर, कशाचाच मेळ नाही.

शाफ्ट एकसारखे मिळणं ही तशी अलीकडची गोष्ट. पूर्वी दांडे हिकरी लाकडाचे असत, प्रत्येक लाकूड वेगळं, आणि खेळाडू हातात तोलून तोलून सेट जमवत. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९२४ मध्ये स्टीलला परवानगी दिली, ब्रिटनच्या आर अँड ए नं १९२९ मध्ये. तेव्हापासून वजन आणि वाक आकड्यात पकडता येऊ लागले. पण हातात तोलून बघण्याची जुनी रीत अजूनही उपयोगाची आहे.

सुरुवात कुठून करायची? ड्रायव्हरला ५० ते ६० ग्रॅमचा ग्राफाइट. फेअरवे वूडला, म्हणजे ड्रायव्हरहून आखूड क्लबला, त्याहून दहाएक ग्रॅम जास्त; हायब्रिडला, म्हणजे वूड आणि आयर्न यांच्या मधल्या क्लबला, ७० ते ८०. आयर्नला हलकं स्टील, ९० ते १०५ ग्रॅम. वय पन्नाशीच्या पुढं असेल, कोपर किंवा खांदा दुखत असेल, तर आयर्नलाही ६० ते ८० ग्रॅमचा ग्राफाइट घ्या. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. क्लब जसा आखूड होत जाईल तसा शाफ्ट जड होत जावा. मध्येच उलटी उडी असली, उदाहरणार्थ हायब्रिड आयर्नपेक्षा जड, तर तोच क्लब बॅगेत नेहमी दगा देतो.

स्विंगवेट हे माप इथंच समजून घ्या. क्लब फिरवताना हेडकडचं वजन किती जाणवतं ते हे माप सांगतं, आणि ते 'डी २', 'सी ९' असं लिहितात. पुरुषांचे क्लब बहुधा 'डी ०' ते 'डी २' च्या दरम्यान येतात. लक्षात ठेवायचे आकडे थोडेच: अर्धा इंच लांबी म्हणजे जवळजवळ तीन पॉइंट, हेडवर दोन ग्रॅम म्हणजे एक पॉइंट, ग्रिप चार-पाच ग्रॅमनं जड झाली की एक पॉइंट कमी, शाफ्ट नऊएक ग्रॅमनं हलका झाला की एक पॉइंट कमी. याचा अर्थ असा, की तुम्ही ड्रायव्हर इंचभर कापला तर सहा पॉइंट गेले आणि हेड एकदम पोकळ वाटायला लागेल. भरून काढायला बारा ग्रॅमच्या आसपास वजन हेडला लावावं लागतं, शिशाची चिकटपट्टी किंवा हेडचा स्क्रू बदलून. लांबी कापून देणारे पुष्कळ भेटतात. हा हिशेब विचारणारा क्वचित.

फ्लेक्स: अक्षर म्हणजे माप नव्हे

एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं शाफ्टवर असतात. लेडीज, सीनियर, रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ. या अक्षरांना सगळ्या कंपन्यांत मिळून एकच असं मानक नाही. एका ब्रँडचा लार्ज शर्ट दुसऱ्याच्या मीडियमएवढा निघतो ना, तसंच. एका कंपनीचा 'आर' दुसऱ्या कंपनीच्या 'एस' इतका कडक असू शकतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक पडतो. खरं माप हवं असेल तर शाफ्टची ग्रिपकडची बाजू पकडून तो मिनिटाला किती वेळा थरथरतो ते मशीनवर मोजतात. मोठ्या फिटरकडे ते मशीन असतं.

तरी अंदाजाला एक शिडी हवी. ड्रायव्हरचा स्विंग ताशी ७५ ते ८५ मैल असेल तर 'ए', ८५ ते ९५ असेल तर 'आर', ९५ ते १०५ असेल तर 'एस', त्यापुढं 'एक्स'. मोजायला यंत्र नसेल तर ड्रायव्हरचा बॉल हवेतून किती पडतो ते बघा. नीट लागलेला बॉल २०० यार्डांच्या आसपास पडत असेल तर तुम्ही ९० मैलांच्या जवळ आहात. हौशी पुरुष खेळाडूंचा सरासरी वेगही नव्वदीच्या थोडा वर आहे. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचं घर 'आर' आहे, आणि तरी बॅगा 'एस' नं भरलेल्या असतात.

वेग सारखाच असूनही दोघांना वेगळा फ्लेक्स लागू शकतो. वरून खाली येताना जो झटका देतो त्याला थोडा कडक, जो सावकाश वळून येतो त्याला मऊ चालतो. मित्राला लागू पडला म्हणून तोच शाफ्ट मागवू नका. फार कडक शाफ्टची खूण अशी: बॉल खाली खाली, उजव्या बाजूला, आणि हाताला लाकडावर मारल्यासारखा धक्का. फार मऊची खूण: बॉल उंच, बहुधा डावीकडे, आणि कुठं जाईल याचा भरवसा नाही. या खुणा नेहमीच खऱ्या ठरतात असं नाही, पण शंका घ्यायला पुरेशा आहेत.

किक पॉइंट (शाफ्ट सर्वांत जास्त वाकतो ती जागा) आणि टॉर्क यांच्या चर्चा फार होतात. नवख्यानं एवढंच धरावं: वाक खालच्या टोकाशी असेल तर बॉल थोडा उंच निघतो, वरच्या बाजूला असेल तर थोडा खाली. टॉर्क म्हणजे शाफ्ट किती पिळला जातो ते, अंशात मोजतात, आणि हलक्या शाफ्टला तो जास्त असतो. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळे फार उंच जाणारा बॉल इथं त्रास देतो. दोन शाफ्ट बाकी सगळ्यात सारखे निघाले तर बॉल खाली ठेवणारा घ्या.

फिटिंगचा दिवस

लाँच मॉनिटर, म्हणजे बॉलचा वेग आणि उड्डाण मोजणारं यंत्र, आणि पंचवीस-तीस शाफ्ट एकत्र बघायचे तर पुणे किंवा बेंगळूरु गाठावं लागतं. पुण्याला गाडीनं सकाळी निघून जाता येतं. बेंगळूरुला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी उतरता येतं, पण उतरल्या उतरल्या फिटिंगला जाऊ नका. रात्रभर बर्थवर आखडलेल्या पाठीचा स्विंग तुमचा नव्हे. दुपारची वेळ मागून घ्या.

बरोबर काय न्यायचं: स्वतःचा ड्रायव्हर, स्वतःचा सात नंबर, स्वतःचे बूट, ग्लव्ह, आणि रोज खेळता तेच अर्धा डझन बॉल. रेंजचे बॉल वेगळे वागतात. जाताना वहीतली मापं आणि एक वाक्य घेऊन जा: तुमचा वाईट बॉल नेमका कुठं जातो. "मला लांब मारायचंय" एवढंच सांगितलं तर फिटर तुम्हाला लांब मारून दाखवेल, आणि त्यातला एखादाच बॉल फेअरवेवर असेल.

आधी स्वतःच्याच क्लबनं दहाएक बॉल मारा आणि ते आकडे लिहून घ्या. ही पायरी सोडली तर तुलना कशाशी करणार? नंतर हेड तेच, लॉफ्ट, म्हणजे फेस मागं किती कललाय तो कोन, तोच, फक्त शाफ्ट बदलायचा. एका वेळी दोन गोष्टी बदलू देऊ नका, फायदा कशानं झाला ते कळत नाही. एका शाफ्टला पाच-सात बॉल पुरेत. फारच चुकलेला बॉल काढून टाका, पण नेहमीचे साधे वाईट बॉल राहू द्या, मैदानावर तेच तर मारायचेत. मधून मधून बसा, पाणी प्या. दमल्यावर प्रत्येक हलका शाफ्ट चांगला वाटतो.

स्क्रीनवर खूप आकडे दिसतात. चार बघा. बॉलचा वेग, तो निघतो तो कोन, स्पिन, आणि बॉल किती पसरून पडतात ते. ड्रायव्हरचा स्विंग नव्वदीच्या आसपास असेल तर १३ ते १५ अंशांचा कोन आणि मिनिटाला अडीच ते तीन हजार फेऱ्यांचा स्पिन हे चांगलं घर समजतात. बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरला १.५० ही जवळजवळ वरची हद्द. १.४० च्या खाली असाल तर शाफ्टच्या आधी बॉल फेसवर कुठं लागतोय ते बघा. पण या चारांतही माझं मत पसरण्यालाच. सर्वांत लांब गेलेल्या एका बॉलवर शाफ्ट निवडू नका. सातही बॉल ज्या पट्ट्यात पडले तो पट्टा किती अरुंद आहे त्यावर निवडा. दहा यार्ड कमी चालतील, झाडीतून बॉल शोधणं चालणार नाही.

फिटरला दोन विनंत्या करा. पहिली, शाफ्टवरच्या पट्टीवर टेप लावा. नाव आणि अक्षर दिसलं नाही की मनाची ओढ कमी होते आणि हात खरं बोलतात. दुसरी, शेवटी पुन्हा अगदी सुरुवातीला मारलेला शाफ्ट एकदा लावून द्या. मधल्या वेळात तुम्ही सैल झालात म्हणून आकडे सुधारले की शाफ्टमुळे, ते त्यावरून समजतं. चांगला फिटर यावर कधी नाराज होत नाही.

मॅटवर मारताना आणखी एक लक्षात असू द्या. बॉलच्या आधी जमिनीला लागलेला क्लब मॅटवरून घसरून पुढं जातो आणि बॉल ठीकठाक निघतो, गवतावर तोच बॉल वीस यार्ड आखूड पडतो. आयर्नचं फिटिंग शक्य असेल तर गवतावर करून घ्या.

उंचीमुळे अंतर बदलतं का, हा प्रश्न गोव्यात खेळून आलेले हमखास विचारतात. बदलतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे, आणि हजार फुटांना एक टक्क्याच्या थोडं वर असा ठोकताळा धरला तर २०० यार्डांना इथं पाच-सहा यार्ड जास्त. शाफ्ट बदलण्याइतकं ते नाही.

निघताना कागद हातात घ्या. त्यावर शाफ्टचं पूर्ण नाव, वजन, फ्लेक्स, क्लबची अंतिम लांबी, टोकाकडून किती कापायचा, स्विंगवेट, लाय आणि ग्रिपचं माप, सगळं हवं. हा कागद असेल तर शाफ्ट कुठूनही मागवता येतो आणि कुठंही बसवता येतो.

बसवणं

ड्रायव्हर नव्या पद्धतीचा असेल तर शाफ्टच्या टोकाला अडॅप्टर असतो आणि एक स्क्रू पिळून हेड निघतं. अडॅप्टर ज्या त्या ब्रँडचा वेगळा, कधी त्याच ब्रँडच्या जुन्या-नव्या मॉडेलचाही वेगळा. मागवताना हेडचं मॉडेल आणि साल सांगा. स्क्रू सोबतच्या टॉर्क रेंचनंच पिळा, टक् आवाज आला की थांबा. आणि राउंड सुरू असताना तो पिळून लॉफ्ट बदलायचा नाही, नियमात बसत नाही.

आयर्नचं काम एपॉक्सीचं. इथं उद्यमबागेसारखी जागा जवळ असणं आपलं भाग्य आहे, व्हर्नियर धरणारे हात गल्लोगल्ली आहेत. पण काम देताना गोल्फचं ज्ञान तुम्ही द्यायचं. आधी होझलचं, म्हणजे हेडच्या नळीचं, आतलं माप. आयर्नमध्ये दोन मापं चालतात: ०.३७० इंच, म्हणजे ९.४ मिलिमीटर, हा सरळ टोकाचा शाफ्ट. आणि ०.३५५ इंच, म्हणजे ९ मिलिमीटरच्या जवळ, हा निमुळत्या टोकाचा. ड्रायव्हरला बहुधा ०.३३५ म्हणजे साडेआठ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या आत सगळा खेळ आहे, म्हणून फूटपट्टी इथं कामाची नाही.

सरळ टोकाचा शाफ्ट प्रत्येक क्लबला वेगळ्या मापानं टोकाकडून कापतात, नंबर वाढेल तसा साधारण अर्धा अर्धा इंच जास्त. निमुळता शाफ्ट टोकाकडून कधीही कापायचा नाही, तो क्लबनुसार वेगळ्या लांबीत येतो आणि ग्रिपकडूनच कापायचा. टोकाकडून कापलं की शाफ्ट कडक होतो, ग्रिपकडून कापलं की मुख्यतः आखूड होतो. कंपनीच्या तक्त्यात असेल तेवढंच कापा. कापलेलं परत जोडता येत नाही.

जुना शाफ्ट काढताना स्टील असेल तर हीट गननं होझल तापवून, पिळून काढला तरी चालतो. ग्राफाइट मात्र पिळला की धागे तुटतात, आणि जास्त तापला की आतलं रेझिन जळतं. तो पुलर लावून सरळ रेषेतच ओढायचा. स्टील पाईप कटरनं कापा. ग्राफाइटला पाईप कटर लावू नका, चिरडतो. कापायच्या जागी टेप गुंडाळा, बारीक दात्याच्या हॅक्सॉनं किंवा कटिंग व्हीलनं कापा, आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. व्हाइसमध्ये पकडताना रबरी जबडा हवाच.

नव्या टोकाची चकाकी पॉलिश पेपरनं काढा, होझलच्या आतला जुना एपॉक्सी पूर्ण खरवडा, दोन्ही स्पिरिटनं पुसा. एपॉक्सी दोन नळ्यांचा, सावकाश घट्ट होणारा. पाच मिनिटांत सुकणारा वापरू नका, तो धक्के सोसत नाही. आधी शाफ्टच्या टोकावर फेरुल सरकवा, मग शाफ्ट फिरवत घाला म्हणजे आत हवा राहत नाही, तळाला टेकला याची खात्री करा, फेरुल नळीच्या तोंडाशी नीट बसवा, बाहेर आलेला एपॉक्सी लगेच पुसा. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे हवा थंड आणि दमट, तेव्हा दोन दिवस हात लावू नका.

ग्रिप शेवटी. आतलं माप शाफ्टच्या वरच्या टोकाशी जुळायला हवं, बहुतेक वेळा ते ०.६०० इंच असतं. हाताच्या मापाची चाचणी सोपी: डाव्या हातात ग्रिप धरली की मधलं आणि अनामिका बोट तळव्याला अलगद टेकावं. तळव्यात रुतत असेल तर ग्रिप बारीक, मध्ये फट राहत असेल तर जाड.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी अर्ध्या ताकदीनं वीसएक बॉल मारा आणि प्रत्येक पाच बॉलनंतर फेरुल बघा. सरकला नाही, हेडच्या नळीतून कुरकुर आली नाही, तर बंधन पक्कं. मग डिजिटल काट्यावर वजन आणि टेपनं लांबी घ्या, फिटरच्या कागदाशी ताडा. पाव इंचाचा फरक असेल तर लगेच परत न्या, सवय व्हायच्या आत.

नव्या शाफ्टला चार-सहा राउंड द्या. त्या काळात क्लब बदलू नका, ड्रायव्हरचा लॉफ्टही फिरवू नका. बॉल कुठं पडतात ते वहीत साध्या खुणांनी टिपा: डावी, मध्य, उजवी. उजवीकडच्या खुणा ढीगभर झाल्या तर कागद आणि वही दोन्ही घेऊन फिटरला फोन करा, बहुतेक वेळा लाय किंवा हेडवरच्या दोन-चार ग्रॅमनं काम भागतं. ग्रिप गुळगुळीत झाली की बदला, नाहीतर हात आवळून धरतात आणि सगळं फिटिंग वाया जातं. पावसात खेळून आलात तर क्लब बॅगेबाहेर काढून पुसा, ग्रिप वर आणि हेड खाली असे भिंतीला टेकवून रात्रभर पंख्याखाली ठेवा, आणि बॅगही उघडी ठेवून वाळवा.